कागदी पेल्याचे दोन उपयोग आणि कृष्णेतल्या मगरी

सांगलीच्या विश्रामबागेतून एका आईचं पत्र आलं आहे. थोडं कमी करून देते.

"ताई, माझी मुलगी 4 वर्षं 8 महिन्यांची आहे, ज्युनियर केजीत जाते. मागच्या महिन्यात शाळेत बाहेरून एक टीम आली होती. एकेका मुलाला वेगळ्या खोलीत 15 मिनिटं बसवून 'क्रिएटिव्हिटी टेस्ट' घेतली, दहाही बोटांचे ठसे घेतले. रिपोर्टमध्ये हिला 100 पैकी 38 गुण आणि 'सर्जनशील विचार सरासरीपेक्षा कमी' असा शेरा. जावेच्या मुलाला 81. घरी आल्यावर म्हणाली, मॅडमनी इंग्लिशमध्ये विचारलं, पेपर कप दाखवला, मी चहा प्यायचा आणि पाणी प्यायचं सांगितलं, मग घंटी वाजली. त्याच टीमचा सहा महिन्यांचा क्लास लावा असं शाळेनं सुचवलंय, फी 18,000. मिस्टर म्हणतात, आत्ताच लक्ष द्यायला हवं, नाहीतर पुण्याला नेऊन परत टेस्ट करू. मी रोज संध्याकाळी तिला एक वस्तू देते, दहा उपयोग सांगितले की चॉकलेट. पहिले काही दिवस सांगितले, आता वस्तू काढली की पळून जाते. अबोल आहे, नव्या माणसासमोर तोंड उघडत नाही. घरात मात्र एकटी तास तास खेळते. परवा तिनं आईंची निळी साडी हॉलमध्ये अंथरली आणि वर कपड्यांचे चिमटे सोडले. म्हणे ही कृष्णा आणि ह्या मगरी. मग पाणी चाळीस फूट झालं म्हणून मगरींना मामाकडे, म्हणजे सोफ्यावर, नेलं. साडी घसरायला लागली तेव्हा त्यातल्याच दोन मगरी काढून साडीची कड सोफ्याला अडकवली आणि म्हणाली, ह्या आता बंधाऱ्यावर कामाला लागल्यात. पाहुणे येणार होते, म्हणून मी ओरडून सगळं उचलायला लावलं. एवढ्या लहान मुलांची सर्जनशीलता खरंच मोजता येते का? आम्ही काय करावं?"

ताई, आधी तातडीचं. 18,000 भरू नका आणि टेस्टसाठी पुण्याला नेऊ नका. मिस्टरांना ही दोन वाक्यं लगेच दाखवा, बाकीचं मग सावकाश वाचा.

बोटांच्या ठशांचं एकदाच सांगून टाकते. बोटांवरच्या रेषा बाळ पोटात असताना, पाचव्या महिन्याच्या आसपासपर्यंत पक्क्या होतात आणि जन्मभर तशाच राहतात. त्यावरून माणूस ओळखता येतो. तो विचार कसा करतो, त्याची कल्पनाशक्ती किती, हे ठशांवरून कळतं याला कसलाही शास्त्रीय आधार नाही. ज्या मुलीला दर महिन्याला नवं काही सुचतंय, तिच्या विचाराचं माप जन्माआधीच पक्क्या झालेल्या रेषांवरून कसं निघेल? रिपोर्टमधला तो भाग सरळ बाजूला ठेवा. गावोगावच्या शाळांत हे ठसे घेतले जातात आणि पालक पैसे मोजतात, याचा मला मनापासून राग येतो.

कागदी पेल्याची गोष्ट वेगळी आहे. त्या प्रश्नामागे खरं संशोधन आहे, म्हणून ते नीट समजून घेऊ.

1950 साली जे. पी. गिल्फर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आपल्या सहकाऱ्यांपुढे मुद्दा मांडला की बुद्धीच्या चाचण्यांत एकच बरोबर उत्तर शोधायचं असतं, पण नवं सुचणं म्हणजे एका प्रश्नातून अनेक वाटा काढणं, आणि त्याकडे आपण लक्षच दिलेलं नाही. वीट किंवा डबा दाखवून "याचे काय काय उपयोग होतील?" असं विचारायची पद्धत त्यानंतर रुळली. पुढे ई. पॉल टॉरन्स यांनी 1966 मध्ये चाचण्यांचा एक संच काढला. तो आजही जगभर वापरतात. त्यात उत्तरं चार अंगांनी पाहायची रीत पडली: किती सुचलं, किती वेगवेगळ्या प्रकारचं सुचलं, इतरांना सहसा न सुचणारं किती होतं, आणि सुचलेल्याला तपशील किती जोडले.

ही रीत चार वर्षांच्या मुलाला जशीच्या तशी लावता येत नाही हे खुद्द टॉरन्सनाच माहीत होतं. या वयात सुचतं भरपूर, शब्द मात्र अपुरे पडतात. म्हणून 1981 मध्ये त्यांनी 3 ते 8 वर्षांच्या मुलांसाठी हालचालींची वेगळी चाचणी केली. खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला किती तऱ्हांनी जाशील? वाऱ्यातलं झाड होऊन दाखव. ससा हो, साप हो. कागदी पेला टोपलीत आणखी कसा कसा टाकशील? आणि शेवटी, हा पेला आणखी काय काय होऊ शकेल? तुमच्या मुलीला दाखवलेला पेला बहुधा तिथलाच. फक्त त्या चाचणीत वेळेची मर्यादा नाही. मूल हातवाऱ्यांनी, नाचून, लोळून उत्तर देऊ शकतं आणि ते धरलं जातं. त्याआधी 1965 मध्ये वॉलाक आणि कोगन या दोघांनी थोड्या मोठ्या मुलांवर काम करताना हाच आग्रह धरला होता: परीक्षेचं वातावरण नको, घड्याळ नको, एकेकाशी खेळल्यासारखं बोलायचं. तसं केल्यावर त्यांना दिसलं की मुलांना काय काय सुचतं याचा त्यांच्या बुद्ध्यंकाशी फारसा मेळ नाही. अगदी तान्ह्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या, वर्षा-दोन वर्षांच्या मुलांसाठीसुद्धा अलीकडे एक पेटी वापरून पाहिली गेली. तिला कप्पे, दोऱ्या, भोकं. मुलाच्या हातात एक अनोळखी वस्तू द्यायची, तोंडानं काही विचारायचं नाही, ते त्या पेटीशी किती वेगवेगळ्या करामती करतं एवढंच पाहायचं.

आता हे तुमच्या मुलीच्या 15 मिनिटांशेजारी ठेवा. अनोळखी बाई, अनोळखी खोली, इंग्लिश प्रश्न, वर घंटी. पहिली दोन उत्तरं तर सगळ्यांचीच सरधोपट असतात. चहा, पाणी. वेगळं उत्तर त्यानंतर येतं, मूल जरा रेंगाळलं, पेला उलटा करून पाहिला, डोक्यावर ठेवला, मग. तुमच्या लेकीला तिथवर पोचूच दिलं नाही. 38 हा आकडा मला विचाराल तर तिचा लाजरेपणा आणि घंटी यांचा मिळून आहे.

शिवाय हे आकडे लावतात कसे, त्यातही गोम आहे. एखादं उत्तर 'वेगळं' ठरतं ते इतर मुलांच्या उत्तरांशी ताडून. ती इतर मुलं कोण? सांगलीतलं पोर म्हणालं की पेल्यानं भडंग मोजून द्यायचं, तर परदेशी मुलांच्या यादीत ते उत्तर कुठेच नसणार, म्हणजे पूर्ण गुण. आपल्याकडे ते रोजचं दुकानातलं दृश्य. उलट तिकडे रोजचं असलेलं एखादं उत्तर आपल्याकडच्या मुलाला खरोखर स्वतःचं सुचलेलं असू शकतं, आणि त्याला शून्य. म्हणून इथल्या, मराठी बोलणाऱ्या, याच वयाच्या मुलांची उत्तरं गोळा करून तयार केलेले निकष नसतील, तर 'सरासरीपेक्षा कमी' या शेऱ्यातली सरासरी कोणाची, हा प्रश्न उभाच राहतो. आणखी एक. जो भराभर वीस उत्तरं देतो त्याच्या पदरात एखादं वेगळं उत्तर पडण्याची शक्यता वाढतेच, त्यामुळे बोलक्या मुलाचे गुण दोन्हीकडून चढतात. जावेच्या मुलाला 81 मिळाले ते त्याच्या जागी छान आहे. त्यावरून दोघांची तुलना कुणी घरात करायला लागलं तर मात्र तिथल्या तिथे थांबवा, विशेषतः मुलांसमोर.

तुम्ही विचारलंत, मोजता येते का? थोडीफार येते, आणि ठरावीक कामासाठी. एखाद्या तालुक्यातल्या अंगणवाड्यांनी वर्षभर मोकळ्या खेळाचा तास वाढवला आणि वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी सगळ्या मुलांची नीट चाचणी घेतली, तर गटाच्या सरासरीवरून पद्धतीबद्दल काही कळतं. एकट्या मुलाबद्दल, एका दुपारवरून, पुढच्या आयुष्याचं काही सांगणं या चाचण्यांना जमत नाही. चार वर्षांचं मूल तर झोप पुरी झाली नाही म्हणूनही वेगळं वागतं. शब्दांच्या चाचणीत मागे पडलेलं मूल चित्रांच्या चाचणीत पुढे असणं हेही नेहमीचं आहे.

आता मगरींकडे या, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तीच आहे आणि तुम्ही ती पसाऱ्याच्या तक्रारीत लिहिलीत.

टॉरन्सची तीच चार अंगं घ्या आणि हा खेळ पाहा. साडी नदी झाली, सोफा मामाचं घर झाला, चिमटे मगरी झाले. एका खेळात तीन वस्तूंना तीन नवी रूपं. तपशील? चाळीस फूट. आयर्विन पुलाशी पाणी किती फूट झालं हे पावसाळ्यात सांगलीच्या घराघरांत बोललं जातं. चाळीस म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे तिनं कानावरून टिपलं आणि पूर आला की माणसं नातेवाइकांकडे जातात हे मगरींना लावलं. त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट बंधाऱ्याची. साडी घसरते ही खरीखुरी अडचण. तिनं चिमट्याचा मूळ उपयोग, म्हणजे कापड धरून ठेवणं, परत कामाला लावला आणि तरीही गोष्ट मोडू दिली नाही. मगरी मगरीच राहिल्या, फक्त त्यांना नोकरी लागली. एकच वस्तू एकाच वेळी खरी आणि खेळातली अशी दोन्हीकडून धरता येणं, आणि अडचण आली तर ती गोष्टीच्या आतूनच सोडवणं, याला मी या वयातला सर्जनशील विचार म्हणते. पेल्याच्या दहा उपयोगांत हे दिसलं नसतं.

चॉकलेट आजपासून बंद. तुमचा हेतू चांगला होता, पण याबद्दल एक जुना आणि पक्का प्रयोग आहे. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी अमेरिकेतल्या एका बालवाडीत 3 ते 5 वर्षांची, मुळात चित्रं काढायची आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काही न सांगता शेवटी तेच दिलं. काहींना काहीच नाही. आठवड्या-दोन आठवड्यांनी तेच रंगीत पेन वर्गात ठेवले, तेव्हा बक्षिसासाठी काढणाऱ्या मुलांनी बाकीच्यांच्या निम्म्यानंच वेळ चित्रांना दिला. आवडीचं काम मोबदल्याचं झालं की मूल मोबदल्याशिवाय त्याकडे वळेनासं होतं. तुमची मुलगी वस्तू दिसली की पळते ती याच कारणानं. दहा उपयोगांचा तो तासही थांबवा. तिला आपोआप येत होतं त्याचा तिनं गृहपाठ का करावा?

मग करायचं काय? पाहायचं आणि लिहायचं. एक साधी शंभर पानी वही घ्या. आठवड्यातून दोन-तीनदा, ती खेळत असताना, लांबून दहा मिनिटं बसा आणि जे दिसेल, ऐकू येईल ते तिच्याच शब्दांत लिहा. 'छान खेळली' असं लिहू नका, त्यातून काही कळत नाही. 'चिमटा उलटा धरला, म्हणाली हा दात दुखतोय' असं लिहा. तारीख घाला. समोर काय सामान होतं, किती वेळ टिकली, काही बिघडलं तेव्हा काय केलं, एकटी होती की कुणाबरोबर, एवढं पुरे. बालवाडीच्या ताईंबरोबर अशा वह्या वाचताना मला नेहमी दिसतं की दोन-तीन महिन्यांनी मुलाच्या विचाराची चाल कळायला लागते: कोणी एकच गोष्ट रोज थोडी पुढे नेतं, कोणी रोज नवी वस्तू पकडतं, कोणी खेळाचे नियम बदलत राहतं. त्या चालीला गुण द्यायचे नसतात. पुढे कोणतं सामान हाताशी ठेवावं, हे मात्र तिच्यावरून कळतं.

सामान विकत आणायची गरज नाही. चिंचोके, बाटल्यांची झाकणं, रिकामे खोके, दोऱ्या, जुन्या साड्या, भातुकली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला शंख-शिंपले, खडे, पानं, बिया यांतूनच बालवाडीचं साहित्य उभं केलं होतं. रेषेच्या आत रंग भरायची पुस्तकं हाताला वळण लावतात, सुचण्याशी त्यांचा संबंध थोडा. बेंदराला चिखलाचे बैल करताना आणि दिवाळीत किल्ला बांधताना तिला आपल्या शेजारी बसवा आणि जरा हात आवरता घ्या. किल्ल्यावर तिनं खेळण्यातली एसटी ठेवली की आपल्या तोंडून पटकन निघतं, अगं तेव्हा एसटी नव्हती! त्याऐवजी विचारून बघा, ही वर कशी चढली? ती नक्की काहीतरी सांगेल. सांगितलं नाही तरी हरकत नाही, गप्प राहून रस्ता करायला घेईल. चित्र दाखवायला आणलं तर "हे काय आहे?" असं विचारू नका, "सांग की मला याच्याबद्दल" म्हणा. आणि उत्तराची वाट पाहा, आपल्याला अवघडल्यासारखं होईपर्यंत. अबोल मुलांना तेवढा वेळ लागतोच.

पसाऱ्याचं म्हणाल तर पाहुणे येतात तेव्हा साडी उचलावी लागणारच. तिला आधी सांगा, आणि मगरी एका डब्यात एकत्र ठेवू द्या म्हणजे उद्या खेळ तिथूनच पुढे चालू होईल. खेळ दुसऱ्या दिवशी पुढे चालू ठेवता येणं या वयात फार महत्त्वाचं आहे.

एक गोष्ट काळजीपोटी सांगते. या वयाचं मूल कधीच खोटं खोटं खेळत नसेल, हाक मारली तरी वळत नसेल, वाक्यं जुळवत नसेल किंवा आधी येत असलेलं बोलणं कमी झालं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना लवकर दाखवावं. हा विषय सर्जनशीलतेचा नाही, वाढीचा आहे. तुमच्या मुलीबद्दल पत्रात असं काहीही नाही. घरात बोलते, बाहेर बुजते, एवढंच आहे. शाळेतही अनेक महिने ती बोललीच नाही असं बाईंकडून कळलं, तर मात्र तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

शाळेशी भांडू नका, पण विचारा. कोणती चाचणी होती, तिचं नाव काय? कोणत्या भाषेत घेतली? निकष कोणत्या मुलांवरून काढलेत? गुण कोणी दिले, त्यांचं प्रशिक्षण काय? आणि मुलात कमतरता आहे हे सांगणारी आणि ती भरून काढायचा क्लास विकणारी माणसं एकच कशी? हे तोंडी विचारू नका, लेखी द्या. सोबत एवढंही लिहा की पायाभूत स्तरासाठीच्या 2022 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं 3 ते 6 वयातल्या मुलांसाठी उघड चाचण्या आणि परीक्षा पूर्णपणे अयोग्य ठरवल्या आहेत. मुलांचं निरीक्षण करावं आणि त्यांनी केलेल्या वस्तू, चित्रं पाहून मूल्यमापन करावं असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे तुम्ही शाळेकडे नवीन काही मागत नाही आहात. वर्गातल्या इतर आयांनाही पत्रावर सही करायला सांगा. रिपोर्ट फाडू नका, पत्राला त्याची झेरॉक्स जोडावी लागेल.

मिस्टरांना लगेच लक्ष द्यायचंय हे चांगलंच आहे, ते वाया घालवू नका. वहीची रविवारची पानं त्यांच्याकडे द्या. फोन आत ठेवून त्यांनी सोफ्याच्या एका कडेला बसायचं, मधे बोलायचं नाही, जे दिसेल ते लिहायचं. तिनं त्यांना मामा केलं किंवा मगरी आणून मांडीवर ठेवल्या, तर वही बाजूला ठेवून खेळायचं आणि नंतर आठवेल तसं लिहायचं. तीन महिन्यांनी त्या वहीतली दोन-चार पानं मला पाठवलीत तर पुढचं बोलू.